रिंग तर वाजतेय

२००६च्या मे महिन्यात एका दुपारी राजनंदिनीला पाळणाघरात ताप भरला. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी तिच्या आईला, म्हणजे सत्यशीलाताईला, बारा वाजून दहा मिनिटांनी एसएमएस केला. मग साडेबाराला केला, मग एकला. त्या वेळी ताई सदाशिव पेठेतल्या आमच्या डेंटल लॅबमध्ये, माझ्या शेजारच्याच टेबलावर, एका दाढेचा मेणाचा साचा कोरत बसली होती. फोन तिच्या कमरेला होता. तो थरथरला नाही. अडीचला तिनं सहज म्हणून बाहेर काढून बघितला, तर तीन मेसेज. ती उठली आणि अंगावरच्या एप्रनसकट जिना उतरून गेली.

पोरीला तसं काही झालं नाही. पाळणाघरातल्या बाईंनी कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, दोन दिवसांत ताप उतरला. पण पाच वर्षांची ती मुलगी अडीच तास दाराकडे बघत पडून होती, हे बाईंनी सांगितलं आणि ताईच्या ते मनातून गेलं नाही.

सत्यशीला काळमेघ मूळची यवतमाळकडची, दारव्ह्याची. नऊ वर्षांची असताना मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. बोलणं राहिलं. पण ते नवव्या वर्षी कानावर पडलं होतं तेवढंच आणि तसंच राहिलं. दहा वर्षं पुण्यात काढूनही ती वऱ्हाडीच बोलायची, कारण पुण्याची मराठी तिनं कधी ऐकलीच नव्हती. आवाज जरा मोठा आणि सपाट. नवीन माणूस दचकायचा. आम्ही सरावलो होतो. समोरचा सावकाश बोलला तर ती ओठांवरून ओळखायची, नाहीतर वही पुढे करायची. दातांच्या कॅपा आणि ब्रिज करण्यात तिच्या हाताला तोड नव्हती. डॉक्टर लोक आमच्या मालकांना फोन करून सांगायचे, हे काम काळमेघबाईंकडेच द्या.

फोन येण्याआधी तिच्यासाठी निरोप लॅबच्या लँडलाइनवर यायचा. मी घ्यायचे आणि तिच्या टेबलावर दोन बोटांनी टकटक करायचे. ती वर बघायची, मी चिठ्ठी लिहायचे. तिचा नवरा ज्ञानदेव चाकणला कारखान्यात होता. त्याला आज उशीर होणार, दूध संपलंय, घरी पाहुणे आलेत, भांडण झालंय, सगळं माझ्या हातून जायचं. मला त्याचं काही वाटायचं नाही. तिला वाटायचं, हे मला फोन आल्यावर कळलं. त्या फेब्रुवारीत तिनं स्वतःच्या पगारातून मोबाईल घेतला. दुकानदारानं व्हायब्रेटर चालू करून फोन तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "अंगाजवळ ठेवा, म्हणजे कळेल." तिनं सुती कापडाची पिशवी शिवली, नाडी लावली आणि कुडत्याच्या आत कमरेला बांधली. रिंग पहिल्या दिवशीच बंद करून टाकली. आता इंग्रजी अक्षरांतलं मराठी टाईप करत ती ज्ञानदेवशी हसायची, रागवायची, आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. ती तेव्हा फार खुश असायची.

ताप उतरल्यावर शनिवारी आम्ही दोघी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवर संतोष नावाचा पंचविशीतला मुलगा होता. मी सांगितलं, "व्हायब्रेशन बंद पडलंय. तीन महिने झालेत, वॉरंटीत आहे."

त्यानं फोन घेऊन बंद केलेली रिंग चालू केली आणि दुसऱ्या फोनवरून नंबर लावला. ताईचा फोन खणखणीत वाजला.

"रिंग तर वाजतेय," तो म्हणाला.

"अहो, त्यांना ऐकू येत नाही."

तो ताईकडे बघून ओशाळला. मग त्यानं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली आणि फोन आमच्याकडे वळवला. बॅटरीच्या खालच्या जागेत कोपऱ्यात मसुराएवढा गोल कागदी ठिपका होता. कडेनं गुलाबी झालेला.

"हा पांढरा असतो. पाणी लागलं की लाल होतो. पाण्यात पडलेला सेट वॉरंटीत बसत नाही, मॅडम."

मी लिहून दाखवलं. ताईनं वाचलं आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "मी फोन पान्यात टाकला नाही."

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मला लाज वाटली, हे इथं कबूल करते.

"सगळे असंच म्हणतात," संतोष मला म्हणाला. ताई त्याच्या ओठांकडेच बघत होती.

"सगळे म्हनत असतील. मी माहं सांगून रायली. लिहून द्या मले, काहून करत नाही ते."

त्यानं पावती लिहिली. 'लिक्विड डॅमेज. वॉरंटी लागू नाही.' खाली शिक्का मारला. ताईनं ती पावती घडी न घालता वहीत ठेवली.

त्यानंतर ती जूनभर दर शनिवारी तिथं गेली. दर वेळी बरोबर एक अर्ज, दर वेळी पोच मागायची. मॅनेजर एकदा बाहेर आला, दोनदा जेवायला गेलेला होता. चौथ्या शनिवारी त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना समजवा. रिंग चालू ठेवा, तुम्ही शेजारी बसता ना? वाजली की सांगायचं." मी हे ताईला सांगितलं नाही. पण तिनं लांबून त्याचे ओठ वाचले होते. जिना उतरताना म्हणाली, "पुन्हा टकटक?" एवढंच.

मंडईच्या मागे भैरू नावाचा रिपेअरवाला बसायचा. ज्ञानदेव तिला तिथं घेऊन गेला. मीही होते. भैरूनं फोन हातात घेऊन हलवून बघितला. "मोटर गेलीय, नायतर तार सुटलीय. दहा मिनटांचं काम हाय, ताई. साठ रुपय द्या."

ज्ञानदेवनं लगेच पाकीट काढलं. ताईनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"यानं उघडला तर ते म्हनतील, आमीच बिघडवला."

"म्हणू देत ना," ज्ञानदेव म्हणाला. तो हळू, ओठ नीट हलवत बोलायचा. त्याचंच बोलणं तिला सगळ्यात चांगलं कळायचं. "साठ रुपयांत सुटतोय विषय. तुला फोन पाहिजे का भांडण?"

"फोन पाह्यजे. अन् मी खोटी नाही, हे बी पाह्यजे."

तो चिडला. रात्रपाळी करून आलेला होता. "मग बस शनिवारी शनिवारी हेलपाटे घालत," म्हणाला आणि स्कूटर काढून निघून गेला. ताई तिथंच उभी राहिली. मग तिनं भैरूला विचारलं, "पान्यात न पडता हा ठिपका लाल होते काय?"

भैरू हसला. "घामानं बी होतो. रोजचं बगतोय मी. रिक्षावाले खिशात ठेवत्यात, त्यांचे समद्यांचे लाल." मी ते लिहून दिल्यावर ताईचा चेहरा एकदम बदलला. लॅबमध्ये आमच्या टेबलामागेच भट्टी असते. एप्रिल-मे महिन्यात कुडता पाठीला चिकटून बसतो. आणि फोन तिच्या कमरेला, कातडीला लागून. मोडीत निघालेल्या त्याच कंपनीच्या फोनांमधले तीन पांढरे ठिपके भैरूनं चिमट्यानं काढून काडेपेटीत घालून दिले. पैसे घेतले नाहीत.

पुढं काय करायचं हे मात्र आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या मालकांनी ग्राहकांच्या एका संघटनेचा पत्ता दिला. लॅबपासून दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावरची एक खोली. तिथं आनंदीबाई बसायच्या. बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्मा नाकाच्या टोकाला, खुर्ची दिली तर उपकार केल्यासारखी. त्यांनी ताईचे सगळे अर्ज आणि पोचा चाळल्या.

"सगळ्या पोचा आहेत," त्या आश्चर्यानं म्हणाल्या. "इथं येणाऱ्यांकडे बहुधा फक्त राग असतो."

मी लिहिलं. ताई हसली.

"वकील हवाय का, विचारा."

"नको," ताई म्हणाली. "माहं मी बोलीन. ही लिहून देईन मले."

ही म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणाले नाही.

आनंदीबाईंनी तक्रारीचा मसुदा करून दिला आणि ताईनं तो चार वेळा बदलला. 'तक्रारदार महिलेस अतीव मनस्ताप झाला' हे तिनं खोडलं आणि मुलगी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ताप घेऊन पडली होती, ते लिहिलं. आनंदीबाईंनी वाचलं, "हे बरंय," म्हणाल्या. जुलैमध्ये जिल्हा ग्राहक मंचात तक्रार दाखल झाली.

दरम्यान तिनं ते तीन ठिपके कामाला लावले. एक कोरड्या डबीत ठेवला. एक पेल्यातल्या पाण्यात बुडवून काढला. तिसरा तसल्याच कापडाच्या पिशवीत घालून तिनं दहा दिवस कमरेला बांधला आणि भट्टीजवळ रोजचं काम केलं. दहाव्या दिवशी तिन्ही काचेच्या पट्टीवर चिकटवले आणि कपाळावर बांधायचं आमचं कामाचं भिंग लावून मला बघायला दिलं. पाण्यातला सगळाच्या सगळा लाल, रंग बाहेर ओघळलेला. कमरेचा कडेनं गुलाबी, मधे पांढरा. मग तिनं स्वतःचा फोन भिंगाखाली धरला. कडेनं गुलाबी, मधे पांढरा. मी टाळीच वाजवली. ती म्हणाली, "थांब. हे आपल्याले दिसते. त्यायले दिसलं पाह्यजे."

नोव्हेंबरमध्ये तारीख लागली आणि त्याच्या आधी आठ दिवस कंपनीचा एक अधिकारी लॅबवर आला. गोड बोलणारा, हातात नवा, जास्त महागाचा फोन, सीलबंद खोक्यात. सोबत एक कागद. "मॅडमनी इथं सही करायची आणि तक्रार मागे घ्यायची. आम्हाला ग्राहक महत्त्वाचा." कागद इंग्रजीत होता. मी एकेक वाक्य मराठीत लिहून दिलं. तिसऱ्या वाक्यात होतं, की बिघाड ग्राहकाच्या हातून फोनमध्ये पाणी गेल्यामुळे झाला असून कंपनी केवळ सद्भावनेनं नवीन फोन देत आहे.

ताईनं पट्टी घेतली. त्या वाक्यावरून एक सरळ रेघ ओढली. बाकीच्या कागदावर सही केली आणि त्याच्या पुढं सरकवला.

"असं नाही चालत," तो म्हणाला. "ते वाक्य स्टँडर्ड आहे. सगळे सही करतात."

"मंग मले नको," ताई म्हणाली.

"अहो, यात कॅमेरासुद्धा आहे!"

मी ते लिहिलं नाही. तिला ते समजलंच होतं. तिनं मेणाचा साचा पुन्हा हातात घेतला. तो पाच मिनिटं उभा राहिला, मग खोकं उचलून गेला. मी त्या संध्याकाळी तिच्यावर रागावले. सहा महिने ती चालत्या फोनशिवाय होती, टकटक पुन्हा सुरू झाली होती, ज्ञानदेव धड बोलत नव्हता, आणि एका वाक्यासाठी हिनं नवा फोन परत पाठवला. हे सगळं मी तिला लिहून दिलं, पानभर. तिनं पूर्ण वाचलं. खाली लिहिलं, "तुझं बरोबर आहे. पण पाणी गेलं नव्हतं." लिहिताना ती शुद्ध लिहायची.

सुनावणीच्या दिवशी ज्ञानदेवनं रजा टाकली. का टाकली ते सांगितलं नाही, स्कूटर बाहेर काढून उभा राहिला. आनंदीबाई रिक्षानं आल्या. समोर तीन सदस्य, मधे अध्यक्ष. कंपनीच्या बाजूनं वकील आणि त्यांच्यामागे संतोष, हातात हत्यारांची छोटी बॅग. वकील बोलायला लागले तसं मी लिहायला लागले. ते झपाट्यानं बोलत होते. मी अर्धंच टिपत होते. ताईनं हात वर केला.

"साहेब, यायले हळू बोलाले सांगा. माह्याविरुद्ध बोलून रायले ते मले समजलं पाह्यजे."

अध्यक्षांनी मान वर केली. वकिलांना म्हणाले, "सावकाश बोला."

वकिलांचं म्हणणं साधं होतं. ठिपका लाल, म्हणजे पाणी. पाणी, म्हणजे वॉरंटी नाही. मग ताई उभी राहिली. तिनं काचेची पट्टी आणि भिंग अध्यक्षांच्या पुढं ठेवलं आणि कोणता ठिपका कुठं, किती दिवस होता ते सांगितलं. तिचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटत होता, पण या वेळी मी खाली बघितलं नाही. अध्यक्षांनी भिंग डोळ्याला लावलं. शेजारच्या बाईसदस्यांनी मागून घेतलं आणि जास्त वेळ बघितलं.

"हा घरगुती प्रयोग आहे," वकील म्हणाले. "याला पुरावा म्हणता येणार नाही."

मी लिहिलं. ताईनं वाचलं आणि सरळ त्यांच्याकडे वळली. "तुमी फोन उघडून पाह्यला काय?"

वकिलांनी संतोषकडे बघितलं. संतोष म्हणाला, "ठिपका लाल असला की उघडायचा नाही, अशी आम्हाला सूचना आहे."

"म्हणजे उघडला नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही, सर."

"मंग आत्ता उघडा," ताई म्हणाली. "इथंच. सगळ्याइच्या समोर."

आनंदीबाईंनी माझा दंड धरला. हे ठरलेलं नव्हतं. आत काय असेल ते आम्हाला माहीत नव्हतं, तिलाही माहीत नव्हतं. घाम आतपर्यंत गेला असेल, गंज चढला असेल, तर सहा महिन्यांचं सगळं तिथंच संपणार होतं. मी वहीवर लिहिलं, 'नको.' तिनं वाचून वही मिटली. वकिलांनी हरकत घेतली. अध्यक्षांनी थोडा विचार केला, दोन्ही बाजूंची लेखी संमती घेतली आणि संतोषला टेबलाजवळ बोलावलं.

त्यानं बॅगेतून स्क्रूड्रायव्हर काढला. एक स्क्रू निसटून जमिनीवर पडला, तो ज्ञानदेवनं शोधून दिला. झाकण निघालं. ताईनं भिंग कपाळावर चढवलं आणि वाकली, पण हात मागं बांधलेले, कुठं लागायला नको म्हणून.

"सांगा," अध्यक्ष संतोषला म्हणाले. "पाणी गेल्याची काय खूण असते?"

"हिरवट डाग पडतात, सर. पांढरी पावडर धरते."

"इथं आहे?"

संतोषनं दिवा जवळ घेतला. मग त्यानं वकिलांकडे बघितलं नाही. "नाही, सर. बोर्ड स्वच्छ आहे." चिमट्यानं एक तार उचलून म्हणाला, "मोटरच्या तारेचा टाका सुटलाय. तो जोडतानाच कच्चा राहिला असणार."

मी लिहायच्या आत ताई सरळ उभी राहिली. तिनं स्वतःच पाहिलं होतं. ब्रिज जोडताना असे धातूचे टाके ती रोज घालते. ज्ञानदेव भिंतीला टेकून तिच्याकडे बघत होता आणि काहीतरी म्हणाला, आवाज न काढता. ते तिला कळलं, मला नाही.

निकाल जानेवारीत लागला. फोन विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, वॉरंटी सहा महिने वाढवावी, खर्चापोटी दोन हजार द्यावेत. फोन न उघडता केवळ ठिपक्यावरून वॉरंटी नाकारणं ही सेवेतली त्रुटी आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं. मनस्तापापोटी वेगळं काही दिलं नव्हतं. संतोषनंच दुरुस्ती केली. फोन देताना त्यानं आधी व्हायब्रेटर लावला आणि तिच्या तळहातावर ठेवला. ती बराच वेळ हात तसाच धरून उभी होती. बाहेर येताना बघितलं, तर काउंटरवर दुसरा कुणी लाल ठिपक्यावरून वाद घालत होता.

मला वाटलं, झालं. आठ दिवसांनी ताई निकालाची प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आली. पहिल्या पानावरच्या एका ओळीखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती. 'तक्रारदार ही मूकबधिर महिला असून...'

"बधिर बरोबर आहे," ती म्हणाली. "मूक कोन? अर्धा घंटा तिथं कोन बोललं?"

आम्ही पुन्हा आनंदीबाईंकडे गेलो. त्यांनी ओळ वाचली, चष्मा काढला. "फोन मिळाला ना? पैसे मिळाले ना?"

ताईनं दोन्हींना मान हलवली आणि बोट त्या शब्दावरच ठेवलं.

आनंदीबाईंनी खणातून कोरा कागद काढला. "दुरुस्तीचा अर्ज साध्या कागदावर चालतो," त्या म्हणाल्या. "पोच घ्यायला सांगायची तुम्हाला गरज नाही."

मंचातला कारकून म्हणाला, एका शब्दासाठी अर्ज आलेला त्यानं पहिल्यांदाच बघितला. त्यानं पोच दिली. मार्चमध्ये लॅबच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. आत एकच पान, वर शिक्का, खाली तिघांच्या सह्या. 'दिनांक १७ जानेवारी २००७ च्या आदेशात पृष्ठ एक, ओळ चारमध्ये "मूकबधिर" या शब्दाऐवजी "कर्णबधिर" असे वाचावे.' ताईनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं.